वाडग्यातली हाडं

सन १९८७. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो. बायको गिरजा जाऊन वर्ष होत आलं होतं, दुसऱ्या दिवशी तिचं वर्षश्राद्ध. तिला मटणाचा रस्सा फार आवडायचा. पण मुलगा माळकरी झालेला. तो म्हणाला, "बाबा, आईच्या पानात खीर-वडे. मटणाचं नाव काढू नका." मी तणतणत माळावर निघून गेलो.

तिथं पुरातत्त्व खात्याची माणसं दगडांच्या रिंगणात जुनी थडगी खणत होती. एका सांगाड्याच्या उशाशी मातीचं वाडगं होतं आणि त्यात हाडं. खणणारी बाई म्हणाली, "आजोबा, बकरीची आहेत. मेलेल्याला जेवण दिलंय. कोणाला लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हाचं आहे हे."

"म्हणजे माझीच भावकी, मीही अंगठाछाप," मी म्हटलं. ती हसली.

मी मात्र वाडग्याकडे बघत बसलो. घरातलं माणूस गेलेलं, तरी कोणीतरी डोळे पुसत चूल पेटवली असेल. त्याला काय आवडायचं ते आठवून तुकडा निवडला असेल. हात लांबवला की पोचेल, असं वाडगं ठेवलं असेल. कोणी नको म्हटलं असेल, तरी ऐकलं नसेल. त्या लोकांची बोली गेली, देव गेले, नावंसुद्धा गेली. प्रेमानं वाढलेलं तेवढं अजून जागेवर आहे. मला एकदम हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलाचं घर बाटू नये म्हणून, मी अंगणात तीन दगड मांडले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं रस्सा केला.