रिकामं भांडं परत देऊ नये

कार्डिफच्या सुलक्षणाकाकूंना कुणाकडून नुसतं घेणं जमत नाही. शेजारच्या वेल्श आजींनी वाडगंभर टोमॅटो दिले, की संध्याकाळी त्याच वाडग्यातून मटकीची उसळ परत जाते. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी पोराला त्यांनी जेवू घातलंय. त्यात मीही आलो.

२००६ साली त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि शशिधरकाकांनी, म्हणजे त्यांच्या भूलतज्ज्ञ नवऱ्यानं, फर्मान काढलं. "सुलू, वन वीक इन फ्रान्स. कंट्री हाऊस हॉटेल बुक केलंय. पोळपाटाकडे बघायचंसुद्धा नाही." काकांना रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवायची धास्ती, म्हणून इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकहून ड्रायव्हर मागवला. तो मी, पुष्कर.

हॉटेल म्हणजे खेड्याबाहेरचं जुनं दगडी घर. भोवती पेअरची झाडं, आणि सगळं एकहाती सांभाळणारी मालकीण, मादाम. तिला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला फ्रेंच. पहिल्याच दुपारी तिनं खोलीत बशीभर प्लमचा टार्ट आणून ठेवला. तो संपल्यावर काकूंनी बॅगेतून चकल्यांचा डबा काढला.

"अगं, हॉटेलची प्लेट आहे ती!" काका ओरडले. "हाउसकीपिंगवाले नेतील."

"नेऊ देत. पण रिकामी कशी देऊ, अहो?"

मादामनं चकली चाखली आणि लढाईला तोंड फुटलं. तिकडून चीज आलं, इकडून लाडू गेले. अक्रोड आले, चिवडा गेला. शेजारच्या खोलीतलं इंग्रज जोडपं दार किलकिलं करून बघायचं आणि हे मेन्यूवर कुठे आहे म्हणून मला विचारायचं. काकूंना विश्रांती कसली? डोळा लागला की दारावर टकटक, आणि हजर पुढची बशी. एकीनं थांबावं तर दुसरीचा अपमान! दोघी सारख्याच हट्टी, शेराला सव्वाशेर.

मग काकूंचा फराळ संपला, आणि समोर मादामचं क्रीमचं वाडगं, चाटूनपुसून रिकामं. काकू रडकुंडीला आल्या. शेवटी त्यांनी चहाच्या ट्रेमधल्या साखरेच्या वड्या वाडग्यात घातल्या.

"काकू, ही तिचीच साखर आहे," मी म्हणालो.

"माहितीये रे. पण रिकामं नाही ना!"

स्वतःची साखर परत आलेली बघून मादाम तरातरा वर आली आणि काकूंचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. साखर पाहून आता आपल्याकडून शिरा शिकायचाय हिला, असं समजून काकूंनी बाह्या सरसावल्या. मादामनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि पुढ्यात सूप ठेवलं. काकू उठल्या की ती बरा खांदा धरून खाली बसवायची. भांडं घासायला घेतलं, तर हिसकावून घेतलं. पुढे रोज हेच. काका बागेत धुसफुसत बसायचे. नवऱ्याला जमलं नाही ते परकीला जमलं, हे त्यांना लागलं होतं.

निघताना मादामनं पेअरच्या टार्टचं एक मातीचं भांडं काकूंच्या हातात दिलं. बोट आधी काकूंवर रोखलं, मग आम्हा दोघांकडे वळवून ठामपणे 'नाही' म्हणून हलवलं. परतीच्या फेरीबोटीवर काकू ते मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. हे परत कसं पोचवणार, याच काळजीत असतील असं मला वाटलं, आणि जिवाला लागलं.

घरी आल्यावर त्या टेबलाशी बसल्या, चमचा घेतला आणि भांड्यातूनच खायला लागल्या. शांतपणे, सगळं. इतक्या वर्षांत त्यांना इतरांच्या आधी खाताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आज त्यांनी आम्हाला विचारलंसुद्धा नाही. मला इतकं बरं वाटलं की भूक विसरलो.

काकांनी भांडं घासलं, पुसलं आणि हळूच विचारलं, "यात काय घालून पाठवायचं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "ठेवून घेतलंय मी."