नवरीचा दगड आणि हेटीचा हट्ट

पॉलीनला ती गोष्ट आठवली की आजही हसू आवरत नाही. हेटी टर्नबुलला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिची पक्की खात्री झाली होती, की ही बाई ठार बहिरी आहे आणि वर शिष्टही आहे.

झालं असं, की पॉलीन लीड्सहून लिंडिसफार्न बेटावर आली, जिथला रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, कडेवर दोन वर्षांची लेक बेथ, आणि तिने चर्चच्या गल्लीत चहाचं दुकान टाकलं. पहिल्याच आठवड्यात हेटी येऊन बसली. पॉलीनने हौसेने विचारलं, "डुकराच्या मांसाचं सँडविच देऊ का? ताजं आहे." हेटीने खिडकीबाहेर पाहिलं. पॉलीनने आवाज चढवून पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तर अशी ओरडली की पलीकडच्या टेबलावरचे पाहुणे दचकले. हेटीने अर्धा चहा तसाच ठेवला, टेबलाच्या लोखंडी पायाला बोट लावलं आणि तरातरा निघून गेली.

दोन दिवसांनी पोस्टातल्या बाईने खुलासा केला. "अगं, कोळ्यांच्या घरात त्या जनावराचं नाव काढत नाहीत. काढलं की होडी बुडालीच समज! 'ती वस्तू' म्हणायचं. आणि नाव निघालंच, तर लोखंडाला बोट लावायचं." मग पॉलीनने बाहेरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वस्तूचं सँडविच'. हेटी आली, वाचलं, दोन मागवली, खाल्ली, आणि म्हणाली, "मोहरी कमी आहे. आणि पोरी, तू एवढी ओरडतेस कशाला? बहिरी आहेस का?"

तेव्हापासून जमलं दोघींचं. पॉलीन भट्टीपाशी असली की बेथ हेटीच्या अंगणात. तिथे जुनी होडी उलटी पालथी घालून तिला दार बसवलेलं, वर डांबर फासलेलं. आत सापळे, दोऱ्या, आणि नवऱ्याचे, जॉर्जचे, रबरी बूट. बेथ त्या बुटांतच पळायला शिकली म्हणा ना.

पॉलीन मुळातच चौकस. इथे येऊन तर तिला प्रश्नांचा चाळाच लागला. मठ कोणी बांधला, वायकिंग कुठून आले, ही भिंत काळी का? पाहुणेही तेच विचारत यायचे, आणि पॉलीन सगळ्यांना हेटीकडे पाठवायची. हेटी बाकावर बसून शिंपले सोलायची आणि उत्तरं द्यायची.

"आजीबाई, वायकिंग नेमके कुठे उतरले हो?"

"तुम्ही गाडी लावलीत ना, त्याच बाजूला. पण त्यांनी आधी विचारलंही नव्हतं."

"आणि ती सोनेरी अक्षरांची पोथी?"

"लिहिली इथे, ठेवली लंडनला. आमचा संत इथला, पुरला डरहमला. आम्हाला काय उरलं? दिवसाला दोनदा भरती आणि तुमच्या गाड्या."

पाहुणे हसायचे. मग हेटी त्यांना पडक्या मठात न्यायची. मनोरा पडला तरी त्याची एक कमान तशीच हवेत तरंगतेय, ती दाखवायची.   सगळ्यात शेवटी चर्चच्या आवारातला दगड दाखवायची. तो मात्र दुरूनच.

"लग्न लागलं की नवरीने यावरून उडी मारायची. दोन्ही बाजूंनी गावातले सगळ्यात म्हातारे दोन कोळी तिचे हात धरतात. नीट पार गेली तर संसार सुखाचा. अडखळली तर..." आणि हेटी शिंपल्यांची बादली उचलून चालू लागायची.

त्या 'तर'च्या पुढचं पॉलीनला कळायला सत्तावीस वर्षं लागली. बेथचं लग्न ठरलं, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बेरिकच्या कॅलमशी. यादी करायला दोघी बसल्या. पॉलीन म्हणाली, "दगडापाशी म्हातारा टॉम आणि आर्ची. झालं."

"टॉम ठीक आहे," हेटी म्हणाली. "आर्ची नको. मी उभी राहणार."

"हेटी, तिथे कोळी लागतात."

"मग मी कोण? शिंपिण?"

"तसं नाही हो. पण एवढं का मनावर घेताय?"

हेटीने चमचा कपात फिरवला. साखर तिने कधीच घेतली नव्हती. "एकसष्ट वर्षांपूर्वी आर्चीच्या बापाने माझा हात धरला होता. सकाळपासून पीत बसलेला. मी उडी मारली आणि त्याने हात सोडला. गुडघ्यावर पडले, सगळ्या गावासमोर. त्यानंतर जॉर्जचं जाळं फाटलं, 'अडखळली ना.' मूल राहिलं नाही, 'अडखळली ना.' बावन्न वर्षं आम्ही सुखाने नांदलो गं, पण शेवटी तो आजारी पडला तेव्हाही कुणीतरी तेच म्हणालं. माझ्या बेथला असं कुणी म्हणालेलं मला चालायचं नाही. तिचा हात मी धरणार."

 पॉलीनने यादीतलं आर्चीचं नाव खोडलं. पण बेटावर नाव असं खोडून जात नाही.

दुसऱ्याच दिवशी आर्ची दुकानात उगवला. वय अठ्ठ्याहत्तर, मिशा अजून तरतरीत. मागे काठी टेकत टॉम, अठ्ठ्याऐंशीचा.

"काय गं हेटी, बाईमाणूस कोळी कधीपासून झालं?"

"तेहेतीस वर्षं तुझ्या शेजारच्या होडीतून शेवंडांचे सापळे कोण ओढत होतं रे?"

"ती जॉर्जची होडी."

"आणि हात?"

"ते मी मोजत नाही. तू होडीत असलीस की आम्ही तोंड फिरवायचो, अपशकुन नको म्हणून."

"म्हणूनच तुला मासे दिसले नाहीत! पन्नाशीत होडी विकून पाहुण्यांची बस चालवायला गेलास. तू कोळी, होय? तू तर ड्रायव्हर!"

दुकानात हशा झाला. आर्चीचे कान लाल. टॉमने काठी आपटली. "पुरे! कोळी कोण ते पाणी ठरवेल. शनिवारी लग्न. नवऱ्याकडची मंडळी किनाऱ्यावरून यायची. रस्ता पाण्याखालून कधी वर येणार? सांगा दोघं. बरोबर ठरेल तो माझ्या शेजारी उभा राहील."

"त्यात सांगायचं काय?" आर्चीने भिंतीवरच्या भरतीच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "दहा चाळीस. छापलंय."

हेटी दारात गेली. दोन दिवस उत्तरेचा वारा सुटला होता. सकाळचं पाणी बंदरात नेहमीच्या शेवाळाच्या रेघेच्या हातभर वर चढून गेलेलं. "हा वारा शनिवारपर्यंत पडायचा नाही. पाणी लवकर उतरायचं नाही. अकरा वीस."

 लग्न बाराचं! पण पॉलीनने गुपचूप बेरिकला फोन केला आणि सांगितलं, "घाई करू नका. पाणी पूर्ण उतरल्याशिवाय गाडी घालायची नाही."

शनिवारी दहा चाळीसला आर्ची कोटाला फूल लावून रस्त्याच्या टोकाशी स्वागताला हजर. समोर नुसतं करडं पाणी. पलीकडे किनाऱ्यावर एक पांढरी बस, ठिपक्याएवढी. आर्ची अंदाज घ्यायला दोन पावलं पुढे गेला आणि घोट्यापर्यंत भिजून परत आला. बस चर्चपाशी आली तेव्हा अकरा पस्तीस झाले होते.

लग्न लागलं. पाद्रीणबाईंनी आशीर्वाद दिला. बेथ आणि कॅलम बाहेर आले, सगळे दगडाभोवती जमले. टॉम एका बाजूला उभा राहिला. दुसऱ्या बाजूला हेटी निघाली, तर आर्ची पचपच बूट वाजवत आडवा!

"थांब. बस दहा मिनिटांचा रस्ता चालून आली. म्हणजे निघाली अकरा पंचवीसला. तू म्हणालीस वीस. पाच मिनिटं चुकलीस."

"आणि तू पाऊण तास!"

"टॉम काय म्हणाला होता? बरोबर ठरेल तो. बरोबर कोणीच नाही. मग रीतीप्रमाणे मीच."

टॉमने डोकं खाजवलं. "म्हणालो होतो खरं तसं..."

हेटीचा चेहरा उतरला. पॉलीनने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. बेथ मधोमध उभी, उचललेला झगा हातात, कुणाला हात द्यावा कळेना. "आई, मी उडी मारू की नको?"

तेवढ्यात कॅलमची मॉयरा आत्या गर्दीतून पुढे आली. डोक्यावर जांभळी टोपी, अर्धी चिखलाने माखलेली. "पाच मिनिटांवरून भांडताय होय? अहो, ती माझी पाच मिनिटं! रस्ता अकरा वीसलाच मोकळा झाला. ड्रायव्हर चला चला म्हणत होता. मी जरा खाली उतरून बघायला गेले, आणि ही टोपी उडाली. आम्ही तिघे तिच्यामागे धावलो चिखलातून."

"टोपी कुठल्या बाजूला उडाली?" हेटीने विचारलं.

"दक्षिणेकडे. चांगला उत्तरेचा वारा होता की!"

हेटीने आर्चीकडे पाहिलं.  आर्चीने मिशीवरून हात फिरवला, आजूबाजूला पाहिलं. कोणीच त्याच्या बाजूचं नव्हतं. टॉमने काठीने त्याला बाजूला सरकवलं. "हो बाजूला रे, बस ड्रायव्हर."

हेटी दगडापाशी उभी राहिली आणि तिने बेथचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं.

"आजी, दुखतंय," बेथ पुटपुटली.

"दुखू दे. मार उडी."

बेथ पार गेली, नीट, दोन्ही पायांवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेटीने तरी हात सोडला नाही, तेव्हा मागून आर्ची कुरकुरला, "टॉमने एका हाताने धरलं. दोन हातांनी धरायची रीत नाही."

"असेल," हेटी म्हणाली, "पण उडी झाली की नाही?"