धुळ्याच्या घरात लाईट नव्हती म्हणे

या पानावरचे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. वडाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचायचं, हसायचं, पुढे सरकायचं. आमच्या घरात नवस नाही, उतारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. बाबा लहानपणी विहारात न्यायचे तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती ही, की कोणी सांगतंय म्हणून मानायचं नाही. त्यामुळे आज मीच या पानावर लिहायला बसले, याचाच मला राग येतोय. पण जे झालं ते झालं.

मी नशिराबादची. स्मार्ट मीटरच्या विरोधात आमचा गट काम करतो – पत्रकं, चौकसभा, निवेदनं. पत्रकातली दोन वाक्यं माझी आहेत : 'तुमच्या घरात कोण कधी जागं असतं हे हा मीटर सांगतो. कोणाला सांगतो, हे मात्र तुम्हाला कोणी सांगत नाही.' लोक पत्रक घ्यायचे आणि त्यावर भजी ठेवून खायचे. वर म्हणायचे, "आमच्याकडे लपवायला काय आहे, बाई?"

लपवायला काय असतं ते ऐका.

माझी मावसबहीण. नाव बदलून वैशालीताई म्हणते. माहेर रावेरचं, सासर जळगाव शहरातलं. तिचा नवरा मीटर बसवणाऱ्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात. दिवसभर स्क्रीनसमोर बसून कोणत्या मीटरचं रीडिंग आलं, कोणाचं नाही, हे बघायचं काम. लग्न ठरलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांना केवढं कौतुक – आपला जावई लाईटमध्ये आहे! फॅमिली ग्रुपवर मावशीने, आईने, धुळ्याच्या नानामामाने, सगळ्यांनी आपापल्या वीजबिलाचे फोटो टाकले. 'जावईबापू, बिल जास्त येतंय, बघा जरा.' ग्राहक क्रमांक, पत्ता, सगळं आपल्या हाताने दिलं. त्याने एक-दोन बिलं दुरुस्त करून दिली. मग तर काय, देवमाणूसच.

देवमाणूस बायकोला मारायचा. यंदाच्या उन्हाळ्यात त्याने तिचा तळहात तापल्या तव्यावर दाबला. भाकरी करपली म्हणून.

ताई निघून आमच्याकडे आली. पण रावेर आणि नशिराबाद ही दोन घरं तो सगळ्यात आधी बघणार. महिला संघटनेच्या वकीलबाई म्हणाल्या, संरक्षणाचा अर्ज कोर्टात जाऊन आदेश मिळेपर्यंत ही त्याच्या हाती लागता कामा नये. नानामामा आणि मामी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेले. त्यांचं धुळ्यातलं देवपूरचं घर बंद, किल्ली शेजारच्या अक्कांकडे. आम्ही ताईला तिथे ठेवलं. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप, येणं-जाणं मागून. नवीन सिम, साधा फोन. कपडे आत वाळत घालायचे, समोरची खिडकी उघडायची नाही. सगळं ठरवून केलं. बोळातल्या भिंतीवरचा मीटर कोणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्यासुद्धा.

धुळ्याचा मे महिना ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. कूलर दिवसभर सुरू, फ्रिज सुरू, पंखा सुरू.

दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन. "लाईट जाते इथली. जाते, मिनिटभराने येते. आपल्याच घरातली."

फोन स्पीकरवर होता. मागून अक्कांचा आवाज आला, "मन्हा घरमा शे ना वं लाईट! तुन्हीच कशी जास पोरी?"

शेजारी लाईट आहे म्हणजे आपलीच कुठेतरी वायर ढिली असेल, मी म्हटलं. वायरमन बोलावणं शक्यच नव्हतं. त्यानंतर रोज तेच. एखाद-दोनदा लाईट जायची, यायची.

मग एक दिवस दुपारी तो आमच्या दारात उभा. आई पीठ मळत होती, मी पत्रकांच्या घड्या घालत होते.

"काय मेव्हणीबाई, आज मोर्चा नाही? उन्हाची सुट्टी का?"

"बसा जावईबापू, पाणी घ्या," आई म्हणाली.

"पाणी नको मावशी. बायको द्या."

"आमच्याकडे नाही ती."

"माहितीय. असती तर दिसलं असतं." त्याने मोबाईल आईच्या तोंडासमोर धरला. स्क्रीनवर उभ्या रेघा. "हे तुमचं घर. युनिट रोजच्याएवढेच. पहाटे मोटर तुम्हीच लावता ना? फ्रिज बदला, जुना झालाय, फार खातो."

मी म्हटलं, "दाजी, हे तुमच्याकडे कसं?"

"अगं, तुमच्याच पत्रकात लिहिलंय ना." तो हसला. बोट सरकवत म्हणाला, "हे रावेर. सासूबाईंकडे रात्रभर दिवा जळतोय. झोप नाही वाटतं म्हातारीला. आणि हे धुळं..."

कूलर, फ्रिज, पंखा – आता संपलं सगळं.

"धुळ्याला तर सप्लायच नाही. बंद घर. मधूनच मिनिटभर येते नि जाते. आजही जेवणाच्या वेळी आली आणि गेली. नानामामांना सांगा, वायर बघून घ्या."

आईचा हात पिठात थांबला. कारण जेवणाच्या वेळी ताईचा फोन येऊन गेला होता. ती म्हणाली होती – आत्ताच गेली होती बघा, आली परत.

जाताना तो दारात वळला. "कुठेही लपवा. स्विच तर दाबेलच ना कुठेतरी."

तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाल्यावर मी ताईला फोन लावला. "लाईट आहे का तिथे?"

"आहे की. कूलरचा आवाज येत नाही का तुला?"

येत होता.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने धुळ्याला गेले. मागच्या दाराने आत शिरण्याआधी बोळातल्या मीटरपाशी थांबले. स्क्रीन कोरी. एक आकडा नाही, लाल दिवा नाही, काही नाही. आणि भिंतीपलीकडे कूलर घरघरतोय. मेलेल्या मीटरमधून लाईट येते कशी? मी वायरींवरून नजर फिरवली. सील शाबूत, जोड शाबूत, बाहेरून कुठेही तार ओढलेली नाही.

मी तिथे उभी असतानाच कूलर मंदावला आणि बंद पडला. आतून ताई म्हणाली, "गेली बघ." आणि त्याच वेळी माझ्यासमोर मीटर जागा झाला. आकडे उमटले, लाल दिवा लुकलुकायला लागला. घरात अंधार, मीटर जिवंत. मिनिटभर. मग आत पंखा फिरल्याचा आवाज आला... आणि मीटर पुन्हा कोरा.

भर दुपारी, अंगातून घाम निथळत असताना माझ्या हातावर काटा आला. ज्या डबड्याविरुद्ध मी घसा फोडते, ते माझ्या डोळ्यांदेखत खोटं बोलत होतं. आमच्या बाजूने.

ताई दारात येऊन उभी राहिली. हाताला पट्टी. "मी आता तिकडे बघत नाही," ती म्हणाली. "तूही बघू नको. आत ये."

अर्ज दाखल झाला. संरक्षण अधिकारी बाईंनी दोघांना जळगावच्या ऑफिसात बोलावलं. ताईने धुळ्याचं सांगितल्यावर त्याने नवीनच सूर लावला – ही धुळ्याला नव्हतीच, खोटं बोलतेय. "मग कोणाकडे राहत होती, ते विचारा तिला मॅडम. हे बघा, घर पूर्ण अंधारात. मशीन खोटं बोलत नाही." आणि त्याने मोबाईल टेबलावर ठेवला.

बाईंनी चष्मा लावून शांतपणे पाहिलं. "मामेसासऱ्यांच्या घरातली लाईट कधी आली, कधी गेली, हे तुमच्या मोबाईलमध्ये कसं?"

"ऑफिसमधून... काम आहे माझं ते."

"आणि हे रावेरचं? हे नशिराबादचं? हेही काम?"

बाई शेजारच्या क्लार्कला म्हणाल्या, "लिहून घ्या. पाळत ठेवतो, स्वतःच दाखवलं म्हणून लिहा."

आदेश मिळाला. तो ताईच्या जवळ फिरकू शकत नाही. ताई आता भुसावळला नोकरी करते, एकटी राहते. ठेकेदाराने त्याला त्या स्क्रीनसमोरून उठवलं, पण दुसऱ्या जिल्ह्यात तो तेच काम करतोय असं ऐकते. ऑफिसात जाऊन मी विचारलं, कोणी कोणाच्या घराचा डेटा उघडला याची नोंद ठेवता का? उत्तर मिळालं, "तशी सोय नाही मॅडम." आपल्या प्रत्येक बल्बची नोंद आहे. बघणाऱ्याची नाही.

नानामामा परतल्यावर घरात माणूस राहूनही बिल शून्य युनिटचं, म्हणून वीज कंपनीला चोरीचा संशय आला, मीटर काढून तपासणीला नेला. चोख निघाला, काहीही दोष नाही. आमच्या गटातला इलेक्ट्रिकल शिकलेला मित्र म्हणतो, मीटर बिघडू शकतो, संपर्क तुटू शकतो, पण रोज बरोब्बर उलटं सांगेल असा बिघाड नसतो. पुढे त्याच्याकडेही काही नाही. तोच मीटर परत त्याच भिंतीवर लागलाय, लाईट जात नाही, रीडिंग अगदी नेमाने जातं. अक्का येता-जाता त्याला हात जोडतात.

गटातले सोबती म्हणाले, हे छापू नकोस, आपल्याच विरोधात वापरतील. उद्या म्हणतील, बघा, मीटरने पोरीला वाचवलं. म्हणोत. त्या महिन्यात तो मीटर तसा का वागला, हे मला माहीत नाही आणि कोणी सांगू शकेल असं वाटतही नाही. मला एवढंच माहीत आहे की ताई वाचली, कारण त्या एका घरात तो खोटं बोलला.

बाकी सगळ्या घरांत तो खरंच बोलतोय.