गुरुवारी खाल्लेले गुलगुले

हे लिहिताना अजूनही चिडचिड होते, आणि ती कोणावर काढावी ते कळत नाही. सायकलवर, पाठीवरच्या पिशवीवर, की स्वतःवर?

माझा धाकटा भाऊ विनू मधुमेहासाठी इन्शुलिन घेतो. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून आम्ही दोघांनी डोंगरी सायकली घेतल्या आणि सुट्टीला ग्वाल्हेरबाहेरच्या टेकड्यांवर जाऊ लागलो. सामान माझ्या पाठीवरच्या पिशवीत: पंप, दोन ट्यूब, नट आवळायचे पाने, मलमपट्टी आणि नळीने पिण्याची दोन लिटरची पाण्याची पिशवी. दर वेळी काहीतरी टोचायचे, काहीतरी खडखडायचे. विनू हसायचा, "दादा, नया बाजारात दुकानच टाक ना, टेकडीवर कशाला चढवतोस?"

होळी होऊन आठवडा झाला होता. सुट्टी होती, पण गुरुवार होता, आणि आमच्या घरी गुरुवारी दत्ताचा उपास. विनूला उपास मना आहे हे मला पक्के ठाऊक होते. तरी निघताना म्हणालो, "दुपारच्या आरतीपर्यंत तरी धर." त्याने मान हलवली, इन्शुलिन मात्र सवयीने आधीच टोचून घेतले होते. त्याच्या बायकोने, मेधाने, माझ्या पिशवीत बिस्किटांचा पुडा ठेवला होता. उपासाला चालत नाही म्हणून मी तो गुपचूप काढून फडताळात ठेवला. पंपाला जागा झाली याचे वर समाधानही वाटले.

दगडखाणीच्या चढावर विनू एकाएकी उतरला. हात थरथरत होते, अंगाला गार घाम, जीभ जड. पोट रिकामे आणि वर इन्शुलिन, साखर उतरली होती. त्याची बाटली केव्हाच संपली होती. मी पाठीवरची पिशवी उघडली. पंप नळीच्या तोंडावर दाबून बसला होता आणि धक्क्याधक्क्याने सगळे पाणी गळून गेले होते. पाठ ओली लागत होती, मी घाम समजत होतो. फोनला रेंज नाही. मी मनातल्या मनात दत्तावर ओरडलो, तुझाच उपास धरला ना, मग हे काय? आणि लगेच जाणवले, उपास मी धरायला लावला होता.

तेवढ्यात शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागे एक म्हातारी बाई. विनूकडे एकदा पाहून ती माझ्यावरच डाफरली, "इत्तो सामान लादे हो और पानी नईं?" तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि पदराची गाठ सोडली. शीतला मातेला शिळाच नैवेद्य लागतो म्हणून आदल्या दिवशी तळून वाहिलेले, गव्हाच्या पिठाचे गुळातले गुलगुले. "खा ले भैया, माता को परसाद है।"

विनू माझ्याकडे बघत राहिला. "दादा, उपास..."

"खा रे बाबा, पाया पडतो तुझ्या!" मी तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला. मग दुसरा, मग घोटभर पाणी. बाईने एक माझ्याही हातावर ठेवला. मी तो खाल्ला. पाव तासाने विनूचे हात स्थिर झाले, तेव्हा मला रडू आवरेना. ती बाई मात्र शेळ्या पांगल्या म्हणून मलाच बोल लावत पुढे निघून गेली. नाव विचारायचे राहूनच गेले.

"विनू, बिस्किटं मीच काढली होती," मी म्हणालो.

"माहीत होतं. काढताना बघितलं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू देवाचं नाव घेतलंस दादा. पुढे काय बोलणार?"

हे वाक्य मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागले. इतकी वर्षे भक्ती म्हणून मी जे करत होतो, त्यात हट्ट किती होता आणि देव किती, हे त्या चढावर बसून उमगले. ती बाई कोण, तिथे नेमकी कशी आली, याचा खल मी करत नाही. ती आली, हेच पुरे. दत्तासमोर आता हात जोडतो तेव्हा आभारच येतात तोंडात. विनू आज आहे. त्याहून अधिक मी मागत नाही, आणि त्याच्या वतीने देवाला काही कबूल करणेही मी सोडले आहे.