दादाने न गायलेला पोवाडा

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दादरच्या घरी पोळ्या लाटत होते. निरोप आणला ईश्वरभाईंनी. परळहून थेट चालत आले होते. शिंपी माणूस, पण शर्टाची बटणं खालीवर लागलेली. "शांताबेन, साहेब गेले," एवढंच म्हणाले आणि दारातच बसले. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, रोषणाईच्या गप्पा अजून लोकांच्या तोंडी होत्या. मला तर आधी रागच आला. अरे, एवढं सगळं मिळालं आणि आता चाललास?

दादा परळच्या एका छोट्या देवळात पाळक होता. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. मंडळी म्हणजे नगरकडून आलेली गिरणी कामगारांची कुटुंबं, आणि थोडी गुजराती घरं, त्यातलंच ईश्वरभाईंचं. दादाचा आवाज असा खणखणीत, की नाताळात त्याच्या कीर्तनाला अख्खी चाळ जागा धरायला लवकर यायची. संयुक्त महाराष्ट्राचं वारं सुटलं तेव्हा त्याने एक पोवाडा रचला आणि मला नि वहिनीला स्वयंपाकघरात म्हणून दाखवला. अंगावर काटा आला हो! मी चळवळीतल्या बायकांबरोबर काम करायचे. लगेच जाऊन सांगून आले, सभेत माझा भाऊ गाणार म्हणून.

आणि मग मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला... आमच्याच मंडळीतल्या भास्कररावांच्या मांडीत गोळी घुसली. मुख्यमंत्री गुजराती, म्हणून लोकांचा राग सगळ्याच गुजरात्यांवर. त्या रविवारी एकही गुजराती घर देवळात आलं नाही. उपासना संपल्यावर दादा अंगावरच्या झग्यानिशी ईश्वरभाईंच्या खोलीवर गेला, मी मागोमाग. "आम्ही नाय येत, साहेब," ईश्वरभाई म्हणाले. "लोक असे बघतात, जसी गोळी आमीच मारली." दादा तसाच मागे फिरला. घरी येऊन मला म्हणाला, "शांते, सभेत मी गाणार नाही. सांग त्यांना."

मी भडकलेच. "का? तू मराठी नाहीस? तुला हक्क नाही?"

"आहे ना. भास्कररावांइतकाच आहे. पण शनिवारी मी तिथे गायलो, तर रविवारी प्रभुभोजनाची भाकर ईश्वरभाई माझ्या हातून घेईल का? पाळक झालो तेव्हाच काही हक्क बाजूला ठेवले, त्यातलाच हा एक."

"आणि भास्कररावांना काय सांगशील?"

"तेच कळत नाही गं..." म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला.

सभा त्याच्या गाण्यावाचून झाली. दुसऱ्या दिवशी दादाच्या उंबऱ्यावर हिरव्या बांगड्यांचं ताट! भरा आणि बसा घरात. ठेवणाऱ्या माझ्याच ओळखीच्या. मी तावातावाने निघाले, तर वहिनीने हात धरला. बांगड्या स्वतःच्या हातात चढवल्या आणि म्हणाली, "अगदी मापाच्या आहेत हो! ह्यांना आजवर माझं माप कळलं नाही." दादा खो खो हसला. मला ते हसणं बघवेना. लोक त्याला भेकड म्हणाले, शेटजींचा पाळक म्हणाले. मी चळवळीपायी तुरुंगात गेले नि सुटून आले तेव्हा परळच्या ज्या गल्लीने मला हार घातले, तीच गल्ली त्याला बघून पाठ फिरवायची.

सगळ्यांत कडक भास्करराव. दादाला साधा सलामही करत नसत. तरी दादा दर रविवारी आधी ईश्वरभाईंना आणायला जाई, त्यांच्या बरोबरीने भर गल्लीतून चाले, आणि मग दोघं मिळून भास्कररावांच्या जिन्याशी येत. ईश्वरभाई खालीच थांबत. दादा वर जाऊन भास्कररावांना कुबडीसकट उतरवून आणी. एकदा वरचा नळ गळून जिना ओला झालेला, दादाला एकट्याला झेपेना. ईश्वरभाई न विचारता वर चढले आणि त्यांनी भास्कररावांची दुसरी काख धरली. "सांभाळून हो, ती दुखऱ्या पायाची बाजू आहे," भास्करराव करवादले. बस्स, एवढंच. पण पुढच्या रविवारपासून बाकीची गुजराती घरंही हळूहळू परतली.

राज्य झालं त्या संध्याकाळी मी म्हटलं, "आता तरी गा रे." म्हणाला, "चाल विसरलो गं." साफ खोटं! दादा चाल विसरणारा नव्हे. त्याने केलं ते त्याच्या जागी बरोबर असेल, पण तो पोवाडा महाराष्ट्राने ऐकायला हवा होता, असं मला आजही वाटतं आणि फार हळहळ वाटते.

प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपापल्या भाषेत, पण सगळ्यांनी एकाच वेळी म्हणायची, ही आमच्या देवळात दादानेच पाडलेली रीत. मराठीतली भराभर संपते. ईश्वरभाई गुजरातीत सावकाश म्हणणारे, ते मागे राहतात. त्यांचा शेवटचा शब्द होईपर्यंत दादा थांबायचा आणि मगच आमेन म्हणायचा. नव्या पाळकांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. गेल्या रविवारी मराठी संपताच ते "आमेन" म्हणाले. देवळात कुणीच साथ दिली नाही. ते बिचारे गोंधळून बघत राहिले. भास्करराव डोळे मिटून गप्प. मीही ओठ घट्ट मिटून उभी. ईश्वरभाईंचं अजून चाललं होतं.