शिवडीच्या चिखलातली आठवी चौकट

"पाच झाल्या. चल, निघू," मी म्हणाले.

हंसा गुडघ्यापर्यंत शिवडीच्या चिखलात उभी. म्हणाली, "अजून एक टाकू ना गं."

आमचं काम असं. ओहोटी लागली की चिखलात कोणते जीव किती आहेत ते वर्षभर, दर महिन्याला मोजायचं. त्यासाठी क्वाड्रॅट, म्हणजे फूटभर लांबरुंद लोखंडी चौकट. पाठमोरं उभं राहून ती खांद्यावरून मागे फेकायची. बघून टाकली तर शिंपल्या जास्त दिसतात तिकडेच हात वळतो. पडेल तिथला चिखल वीतभर खणायचा, पितळी चाळणीत धुवायचा. वर राहतील ते किडे, शिंपल्या, बारक्या चिंबोऱ्या फॉर्मलिनच्या बाटलीत. दर खेपेला पाच चौकटी. सहावी टाकायची नाही, आमच्या हेड सरांची सक्त ताकीद.

आम्ही दोघी परळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे मुलांची प्रॅक्टिकल्स घेणाऱ्या. दोघी गिरगावच्या, गल्ल्याही शेजारच्या. हंसा गुजराती, पण मराठीत भांडायला लागली की माझी बोलती बंद. तिचे वडील सचिवालयात होते. गुजरात वेगळा होणार हे ठरलं आणि त्यांचं नाव तिकडच्या सरकारात गेलं. बिऱ्हाड अहमदाबादला हलणार होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत घसा बसेस्तोवर ओरडणारी मीच. आता राज्य मिळतंय म्हणून चाळीत पेढे वाटले, तर माझा पेढा मी तसाच पुडीत बांधून ठेवला. मला मुंबई हवी होती हो, पण हंसासकट हवी होती. हे कुणाला सांगणार? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

त्या दिवशी वर्षाची शेवटची खेप, आणि तिचीही. सहावी चौकट तिने टाकली. सातवी मी.

"आता बास हं, हंसा."

"वा गं वा! तू टाकलीस, मग माझी पाळी नको?"

आठवी चौकट लांब जाऊन पडली. तिथला चिखल धुऊन बाटलीत भरतोय, तोवर पाणी गुडघ्यांना लागलं.

"अगं बाई, भरती आली बघ!"

बाटल्यांची पिशवी मी उचलली, चाळण तिने. चौकट राहिली तिथेच. एकमेकींना ओढत कशाबशा बांधावर पोचलो. आमचे अवतार बघून पोट धरधरून हसलो. हसता हसता हंसा रडायलाच लागली.

"अहमदाबादला समुद्र नाही गं."

"नदी आहे ना."

"नदीला ओहोटी कुठे येते?"

तिच्या हातावरचा चिखल मी पदराने पुसत राहिले.

ती गेली. नंतर आमचे हेड करंदीकर सर बाटल्या बघायला आले.

"मिस परब, दर महिन्याला पाच, आणि शेवटी आठ?"

"हो, सर."

"का?"

"निघवेना, सर."

सरांनी एक बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "एका महिन्यात जास्त घेतलं की बाकीच्या महिन्यांशी तुलना होत नाही. तीन काढून टाका, नाहीतर तो महिनाच रिपोर्टमधून जाईल. तुमचं वर्ष अपुरं राहील. आणि डोळे मिटून काढा. आवडीच्या राखून ठेवायच्या नाहीत."

मी डोळे मिटले. हाताला लागल्या त्या तीन बाटल्या बाजूला केल्या. डोळे उघडून बघते तर त्यांत आठव्या चौकटीची बाटली. लेबल हंसाच्या हातचं, पेन्सिलीने लिहिलेलं. एवढी एक ठेवू का, असं फार वाटलं. विचारलं असतं तर सरांनीही कदाचित काणाडोळा केला असता. नाही विचारलं. तिन्ही मोरीत ओतल्या. रिपोर्ट पास झाला, वर दोघींची नावं छापली.

पुढे नव्या पोरी हाताखाली आल्या. त्यांना मी एवढंच शिकवलं. पाच म्हणजे पाच. सहावी टाकावीशी वाटली, तर समजा की काम संपलंय आणि तुम्हांला घरी जायचं नाहीये. मला तर अजूनही जायचं नाहीये.