घुम्याला कंठ फुटला

आमच्या घुम्याने परदेशात जाऊन काय शिकावं? तर गप्पा मारायला! बाबा अजून असंच म्हणतात.

घुम्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. शाळेत बाईंनी नाव विचारलं की हा माझ्याकडे बघायचा आणि मी सांगायचे. आमच्या घरात बोलायचं काम बाबांकडे, उरलंसुरलं माझ्याकडे. याच्या वाट्याला मान डोलावणं आलं आणि ते तो मनापासून करायचा.

अशा पोराला परदेशातल्या एका चिमुकल्या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. इतिहास, नाटक, तत्त्वज्ञान, जोडीला ग्रह-तारे. एवढं शिकून पुढे कोण होणार, ते मात्र विचारायचं नाही. बाबांचं हार्डवेअरचं दुकान. "खिळे विकायला तत्त्वज्ञान कशाला लागतं रे?" असं पुटपुटत त्यांनीच बॅगेला बांधायला दोरी काढून दिली. वर म्हणाले, "नाही जमलं तर गुपचूप परत ये. काउंटरवरचं स्टूल तुझंच आहे."

तिथे वर्ग कसला, एक गोल टेबल. भोवती मोजकी पोरं आणि त्यांच्यातच चहाचा कप घेऊन बसलेले सर. पोरं त्यांना चक्क नावाने हाक मारतात, तोंडावर सांगतात, "हे काही पटत नाही." पहिल्या दिवशी सर आत आले तेव्हा घुम्या एकटाच उभा राहिला. सरांना वाटलं, याला बाहेर जायचंय. त्यांनी दार धरून ठेवलं. आणि हा शहाणा गेलासुद्धा बाहेर! सरांना नाही कसं म्हणणार?

मग पहिला निबंध. याने आपली खात्रीची रीत वापरली. सर वर्गात जे बोलले, ते शब्दन् शब्द लिहून दिलं. आपल्याकडे पैकीच्या पैकी मिळाले असते. तिथे सरांनी खोलीत बोलावलं. "हे सगळं माझं म्हणणं झालं. तुझं म्हणणं काय?"

घुम्याने मान डोलावली. सर बिचारे वाट बघत बसले. शेवटी म्हणाले, "इथे न बोलणारा पास होत नाही. आणि नापास झालास तर शिष्यवृत्ती जाईल."

फोनवर मला हे सांगताना तो रडवेला झाला होता. मी भडकले. "अरे, तोंड दिलंय ना देवाने? उघड की!"

"ताई, समोर सर असतात गं."

मी कपाळावर हात मारून घेतला. बाबांना कळलं, तर त्यांनी स्टूल पुसून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात वर्गात एक कथा होती. त्यातली बाई घराला कुलूप लावून निघून जाते. सर म्हणाले, "कुलूप लावलं, म्हणजे तिने त्या घराशी नातं तोडलं." पोरांना पटलं. पण आमचा घुम्या, ज्याचं बालपण कुलपांच्या खोक्यांत गेलं, एकदम बोलून गेला, "नाही."

सगळे याच्याकडे बघायला लागले. आता पुढे बोलणं भागच होतं. "आमच्या दुकानात कुलूप घ्यायला येतात ते गावाला जाणारे लोक. परत यायचं असतं म्हणून तर कुलूप लावतात. ज्याला यायचंच नाही, तो कशाला लावेल?"

सरांनी कप खाली ठेवला. "मला नाही पटलं. अजून सांग."

आणि तास संपेपर्यंत हा बहाद्दर सरांशी भांडला!

मी ही हकिगत बाबांना तिखटमीठ लावून सांगितली. "कुलपाचं बरोबर बोलला," ते म्हणाले, "पण पोट भरतं का त्याने?" आणि दुकानातूनच, माझ्यासमोर, स्पीकरवर त्याला फोन लावला. "हौस फिटली ना? चल, आता ये परत."

"नाही, बाबा."

बाबांना नाही म्हणणारं आमच्या घरात कोणी जन्मलंच नव्हतं. बाबा लालबुंद झाले. मग काय वाटलं कोण जाणे, त्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बरं. तुझं म्हणणं काय?"

हे त्याला घरात कधी कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

"मी शिक्षण पुरं करणार. पण बाबा, मी कुलूप लावून आलोय."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड खिळ्यांच्या फळीकडे फिरवलं.

"बघितलंस?" ते डोळे पुसत म्हणाले. "नुसत्या गप्पा मारायला शिकवतात तिथे."